गाठीतल्या पेशी आणि देणाऱ्याचा हक्क

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पश्चिमेस जो डोंगराळ अकोले तालुका आहे, त्या तालुक्यातील सत्यनिकेतन ह्या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करणाऱ्या आणि राजूरच्या आसपासच्या गावांतील स्त्रियांपर्यंत शासनपुरस्कृत प्रकल्पांतून औषधोपचार पोहोचवणाऱ्या एका विदुषीचे नाव आज जिल्ह्यातील फार थोड्या लोकांच्या स्मरणात असेल. डॉ. कमल रणदिवे ह्यांचा जन्म १९१७ साली पुण्यास झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन ह्या मार्गाने त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या आणि तेथे सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून एम. एस्सी. झाल्या, पुढे मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच. डी. मिळवून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याचे, तंत्र आत्मसात केले. परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची जी प्रयोगशाळा उभारली ती ह्या देशातील पहिली मानली जाते. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पेशींच्या विद्येत ज्यांनी आयुष्य घालवले त्याच बाईंना उत्तरायुष्यात अकोल्याच्या डोंगरांतील बालकांचे वजन, आहार आणि रक्त ह्यांची चिंता लागावी, ह्यात मला योगायोग दिसत नाही. प्रयोगशाळेतील पेशी ही कोणा तरी माणसाची पेशी असते, आणि तो माणूस कोठे तरी राहत असतो, ही जाणीव ज्याच्या मनात पक्की आहे त्याला परळ आणि राजूर ही दोन ठिकाणे वेगळी वाटत नाहीत.

ही जाणीव आज आपल्या व्यवहारात कितपत उरली आहे, असा प्रश्न मला जिल्ह्यातील वाचकांपुढे ठेवायचा आहे. आणि त्यासाठी विषय घेतो आहे तो वरकरणी अतिशय दूरचा वाटेल असा: लिम्फोमा ह्या कर्करोगाच्या रुग्णांपासून मिळालेल्या पेशींवर उपजत प्रतिकारशक्तीचा जो अभ्यास जगभर चालतो, त्याचा.

लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा आणि त्यांतील पांढऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्याकडे त्याची सुरुवात बहुधा मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीने होते. ती दुखत नाही म्हणून महिना-दोन महिने तिच्याकडे दुर्लक्ष होते. ताप येऊ लागला आणि वजन उतरू लागले की गाठ क्षयाची असावी असे धरून क्षयाची औषधे सुरू होतात, कारण क्षयाच्या गाठी आपल्या भागात खरोखरच पुष्कळ असतात. आणि त्या औषधांनी गाठ बसली नाही म्हणजे मग कोणी तरी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवतो. निदान झाले की नातेवाईक पुण्याची वाट धरतात किंवा रुग्णाला 'टाटाला' नेतात. तपासणीसाठी लागला तेवढा तुकडा मेणात घालून जतन होतो; उरलेला बहुधा टाकून दिला जातो. जो तुकडा टाकला जातो त्यात काय असू शकते, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट ह्यांनी १९५८ साली युगांडातून मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका भयंकर वेगवान अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे बर्किट लिम्फोमा ह्या नावाने ते प्रसिद्ध झाले. नायजेरियातील एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातील अशाच गाठीतून ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ पुल्व्हरटाफ्ट ह्यांनी १९६३ मध्ये पेशी काढून काचपात्रात ठेवल्या. त्या मेल्या नाहीत. वाढत राहिल्या, विभागत राहिल्या, आणि आज साठ वर्षे उलटल्यावरही जगातील असंख्य प्रयोगशाळांत 'राजी' ह्या नावाने वाढत आहेत. अशा न संपणाऱ्या पेशींच्या कुळीला प्रयोगशाळेत सेल लाइन म्हणतात. मी तिला पेशीवंश म्हणेन. राजी, दौदी, नमाल्वा अशी ज्या वंशांची नावे आहेत ती त्या त्या रुग्णांवरून पडली असे मानले जाते. स्वीडनमध्ये उप्साला येथे १९७४ साली एका सदतीस वर्षांच्या लिम्फोमाग्रस्त पुरुषाच्या छातीच्या आवरणात साचलेल्या द्रवातून 'यू-९३७' हा वंश निघाला. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, ज्याची स्थापना १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती व पेशी ह्यांच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली आणि जे देशभरातील संशोधकांना पेशीवंश पुरवते, ह्या परदेशी वंशांचे नमुने द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश तपमानाला सांभाळून ठेवलेले आहेत.

आता कर्करोगाच्या पेशी आणि प्रतिकारशक्ती ह्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध घनिष्ठ आहे. लिम्फोमा हा मुळात प्रतिकारशक्तीच्याच पेशींचा कर्करोग असल्यामुळे, त्या पेशी बिघडलेल्या असल्या तरी त्यांच्या अंगावर आणि अंतरंगात प्रतिकाराची बरीचशी यंत्रणा शाबूत राहते. शरीराची प्रतिकारशक्ती दोन प्रकारांची असते: एक अनुभवाने शिकणारी, जी देवीची लस टोचल्यावर देवीच्या विषाणूची खूण लक्षात ठेवते, आणि दुसरी उपजत, जी जन्मतःच तयार असते आणि जिला शत्रूचे नाव ठाऊक नसले तरी त्याची जात ओळखता येते. जुन्या गावगाड्यात रात्रीचा पहारा करणारा जागल्या असे, त्याला प्रत्येक चोराचे नाव माहीत नसे, परंतु अंधारात दबकत येणाऱ्या पावलांची चाल ऐकून तो आरोळी ठोकत असे. उपजत प्रतिकारशक्तीची ग्राही प्रथिने नेमके हेच करतात. जिवाणूच्या आवरणातील मेदशर्करा, विषाणूच्या जनुकद्रव्याची विशिष्ट घडण, क्षयाच्या आणि कुष्ठाच्या जंतूंच्या भिंतीतील मेदयुक्त प्रथिने, अशा ज्या खुणा माणसाच्या निरोगी पेशीत नसतात किंवा भलत्या जागी नसतात, त्या ह्या ग्राहींना जाणवतात, आणि जाणवताच पेशीच्या आत एकामागून एक निरोप पोहोचून केंद्रातील जनुके जागी होतात, दाहकारक द्रव्ये बाहेर पडतात, ताप येतो, गाठी फुगतात आणि दुसऱ्या फळीच्या पेशींना हाक जाते.

ह्या ग्राहींचा शोध ही विसाव्या शतकाच्या अखेरची मोठी घटना होय. अशी काही ग्राही प्रथिने असलीच पाहिजेत, असे भाकीत अमेरिकेतील चार्ल्स जेनवे ह्यांनी १९८९ मध्ये केवळ तर्काच्या बळावर केले होते. स्ट्रासबूर्गच्या झ्यूल हॉफमन ह्यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले की, फळमाशीत 'टोल' नावाचे प्रथिन निकामी झाले तर ती बुरशीच्या संसर्गाने मरते. १९९७ मध्ये जेनवे आणि त्यांचे सहकारी मेडझिटॉव्ह ह्यांनी माणसातील तत्सम प्रथिन दाखवून दिले. आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर ह्यांनी सिद्ध केले की जिवाणूंच्या आवरणातील विष ओळखणारा ग्राही हा ह्याच कुळातला चौथा आहे. २०११ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग हॉफमन आणि बॉयटलर ह्यांना मिळाला आणि दुसरा अर्धा राल्फ स्टाइनमन ह्यांना; जेनवे मात्र २००३ मध्येच निवर्तले होते.

ह्या ज्ञानाचा तपशील भरण्याचे काम पुष्कळसे लिम्फोमाच्या आणि तत्सम रक्तकर्करोगांच्या पेशींनी केले. यू-९३७ च्या पेशी एरवी द्रवात तरंगत असतात. त्यांना फॉर्बॉल एस्टर नावाचे रसायन दिले की त्यांची विभाजनाची घाई थांबते, एक-दोन दिवसांत त्या पात्राच्या तळाला चिकटतात, आणि शरीरातील महाभक्षी पेशींसारख्या वागू लागतात. मग त्यांच्यावर जिवाणूचे विष अत्यल्प प्रमाणात टाकून त्या कोणती दाहकारक द्रव्ये किती सोडतात हे मोजता येते. निरोगी माणसाच्या रक्तातून काढलेल्या पेशी काचपात्रात थोडेच दिवस टिकतात, आणि प्रत्येक माणसाच्या पेशी निराळ्या वागतात. वंशाच्या पेशी मात्र पुण्यात, उप्सालात आणि क्योतोत एकाच कुळीच्या असल्यामुळे एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला पडताळून पाहता येतो. आफ्रिकेतील एका बालरुग्णाच्या बर्किट गाठीपासून निघालेल्या नमाल्वा पेशींची कथा तर अधिकच विलक्षण आहे. ह्या पेशींना सेंडाई विषाणूचा संसर्ग केला की त्या विषाणूंना रोखणारे इंटरफेरॉन भरपूर तयार करतात, हे लक्षात आल्यावर एका ब्रिटिश औषधकंपनीने हजारो लिटरच्या टाक्यांत त्या वाढवून इंटरफेरॉनचे औषध बाजारात आणले, आणि रक्तकर्करोगाच्या एका प्रकारावर व यकृताच्या विषाणुजन्य दाहावर ते वापरले गेले. विषाणू शिरल्याचे त्या पेशीला आतून कळवणारा जो ग्राही, ज्याला रिग-आय असे म्हणतात, त्याचा शोध मात्र २००४ मध्ये लागला. म्हणजे ग्राहीचे नावही कोणाला ठाऊक नव्हते तेव्हापासून त्या बालकाच्या पेशी त्याच्याद्वारे औषध निर्माण करीत होत्या.

आणि गोष्ट केवळ साधनाची राहिली नाही. २०११ साली अमेरिकेतील लुई स्टाउट ह्यांच्या गटाने लिम्फोमाच्या काही पेशीवंशांतील एकेक जनुक बंद करून कोणत्या जनुकावाचून त्या पेशी मरतात हे शोधले, तेव्हा त्यांना आढळले की मायडी-८८ नावाचे प्रथिन, जे टोलकुळातील ग्राहींचा निरोप पेशीच्या आत नेते, ते बंद केल्यास काही आक्रमक लिम्फोमांच्या पेशी जगूच शकत नाहीत. आणि त्या प्रथिनात २६५ व्या जागी एकच घटक बदललेला असल्यामुळे, बाहेर जंतू नसतानाही 'जंतू आला' असा निरोप ते अखंड देत राहते. त्या आक्रमक उपप्रकाराच्या जवळजवळ तीस टक्के गाठींत हा बदल आढळला. दुसऱ्याच वर्षी वाल्डनस्ट्रॉम नावाच्या मंदगती लिम्फोमात दहापैकी नऊ रुग्णांत तोच बदल सापडला, आणि आता त्या रोगाचे निदान करताना त्याची तपासणी करतात. ज्या रोगाने माणसाचे प्राण घेतले त्या रोगाच्या पेशींनी त्याच रोगाचे मर्म उघड करून द्यावे, हे मला विज्ञानातील अत्यंत हृदयस्पर्शी सत्य वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. कर्करोगाची पेशी ही निरोगी पेशी नव्हे. ती वर्षानुवर्षे पात्रात वाढताना बदलत जाते. तिच्यातील काही ग्राही लुप्त झालेले असू शकतात. शिवाय पेशीवंशांच्या जगात भेसळ फार. स्टॅन्ली गार्टलर ह्यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की, वेगवेगळे म्हणून वापरले जाणारे अनेक वंश प्रत्यक्षात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कर्करुग्ण स्त्रीच्या हीला पेशीच होते. त्या पेशी १९५१ साली जॉर्ज गे ह्यांच्याच प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या गेल्या होत्या आणि हवेतून, हातांतून इतर पात्रांत शिरल्या होत्या. उपजत ग्राहींच्या अभ्यासाला तर आणखी एक शत्रू आहे. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू पेशीपात्रात शिरला तर द्रव गढूळ होत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, परंतु त्याच्या आवरणातील मेदयुक्त प्रथिने दुसऱ्या क्रमांकाच्या टोलग्राहीला चेतवीत राहतात, आणि संशोधक आपल्या औषधाचा परिणाम म्हणून जे मोजतो तो वस्तुतः ह्या चोरट्याचा परिणाम असतो. १९९८ च्या सुमारास जिवाणूचे विष दुसरा ग्राही ओळखतो असे काही प्रबंधांत प्रसिद्ध झाले होते. पुढे कळले की, बाजारातून घेतलेल्या त्या विषातच मेदप्रथिनांची भेसळ होती. म्हणून वंशावर केलेले निरीक्षण ताज्या रक्तातील पेशींवर पडताळून पाहावे, वंशाची जनुकीय ओळख ठरलेल्या मुदतीने तपासावी आणि मायकोप्लाझ्माची परीक्षा नेमाने व्हावी, असा आग्रह धरलाच पाहिजे. परंतु ह्या दोषांवरून वंश टाकून द्यावेत असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. आपण ज्या पेशींवरून आपल्या लोकांच्या प्रतिकारशक्तीची अनुमाने काढतो त्या पेशी जवळजवळ सर्व युरोप, अमेरिका, जपान किंवा आफ्रिका येथील माणसांच्या आहेत, आणि उपजत ग्राही सर्व मानववंशांत सारखे नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या टोलग्राहीत ६०२ व्या जागी आयसोल्युसीनऐवजी सेरीन असला तर तो ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोहोचत नाही. हा बदल उत्तर युरोपीय लोकांत अतिशय सामान्य आहे, भारतात त्या मानाने विरळ आहे. आणि ज्यांच्यात तो आहे त्यांना कुष्ठरोगाचा धोका कमी असतो, असे २००७ मध्ये तुर्कस्तानातील आणि २०१० मध्ये दिल्ली व कोलकाता येथील रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक ज्या देशात सापडतात तो देश आपला. ज्या मुंबईत बापट, रणदिवे आणि खानोलकर ह्यांनी १९५८ साली कुष्ठरुग्णापासून एक आम्लरोधी जंतू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले, ती मुंबई आपली. आणि तरी ग्राहीचा प्रयोग करायचा झाला की स्वीडनच्या पेशीकडेच हात जातो. आपल्या रुग्णांपासून वंश काढता येतच नाहीत असे नाही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेने तोंडाच्या कर्करोगाचे वंश भारतीय रुग्णांपासून काढले आणि १९९० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लिम्फोमाचे वंश काढणे अधिक अवघड असते. पुष्कळदा गाठीतील कर्कपेशी मरतात आणि तिच्यातच असलेल्या निरोगी पेशी एपस्टाइन-बार विषाणूच्या योगाने अमर होऊन तज्ज्ञालाही फसवतात. म्हणून हे काम धीराने, पुष्कळ नमुन्यांवर आणि चांगल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे लागते.

आणि येथेच जिल्ह्याचा संबंध येतो. लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून चालू आहे. विळद घाटात दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठीचे तुकडे ह्या ठिकाणी रोज तपासले जातात. पुण्याचे पेशी केंद्र नगरहून तीन-चार तासांच्या रस्त्यावर आहे. द्रवरूप नत्राची साखळी आपल्याला नवी नाही. संगमनेर, राहुरी, कोपरगाव ह्या भागांतील दूधउत्पादक शेतकऱ्याच्या दारी कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या त्याच नत्राच्या पात्रातून मोटारसायकलवर येतात. गाठीतील पेशी सुट्या करून, योग्य रसायनात सावकाश गोठवून, त्याच नत्रात पुण्यास पाठवणे ह्यात असाध्य असे काही नाही. ह्यासाठी लागतो एक शिकलेला तंत्रज्ञ, एक शीतकपाट, एक नत्रपात्र आणि शस्त्रक्रियागृहापासून प्रयोगशाळेपर्यंत तुकडा तासाभरात पोहोचवण्याची शिस्त. जिल्हा नियोजन समितीने आणि आरोग्य विद्यापीठाने एवढी तजवीज करावी, अशी मागणी आपण करू शकतो.

परंतु ही मागणी करताना तिच्याबरोबर दुसरी मागणी केली नाही तर पहिली अन्यायाची ठरेल. अमेरिकेत १९७६ साली जॉन मूर ह्या रुग्णाची प्लीहा रक्तकर्करोगासाठी काढण्यात आली. तिच्यापासून त्याच्या डॉक्टरांनी 'मो' नावाचा पेशीवंश तयार करून १९८४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले, आणि मूरला त्याची कल्पना दिली नाही. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शरीरातून काढून घेतलेल्या पेशींवर मूरची मालमत्ता नाही. डॉक्टरने आपला हितसंबंध त्याला सांगायला हवा होता, एवढेच न्यायालयाने मान्य केले. हेन्रिएटा लॅक्स ह्यांच्या वारसांना एका मोठ्या कंपनीशी तडजोड करायला २०२३ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे असे सांगतात की, नमुना देणाराच त्या नमुन्याचा मालक असतो, नमुने साठवणारी पेढी ही त्याची केवळ विश्वस्त होय, आणि त्याला तो परत मागता येतो. हे तत्त्व उत्तम आहे. परंतु मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कायदा नव्हे; आणि गाठीचा तुकडा काढण्यापूर्वी भीतीने गारठलेल्या माणसापुढे जो छापील कागद येतो, त्यावर सही किंवा अंगठा घेताना ह्या मालकीविषयी त्याला कोण काय समजावून सांगतो, हे प्रत्येक वाचकाने स्वतःच्या घरातील अनुभवावरून ठरवावे.

आता ह्याच जिल्ह्याकडे पाहा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी बाएफ संस्थेच्या साहाय्याने गावरान वाणांची बियाणे-पेढी उभी केली, आणि २०२० च्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव आले. अशा शेतकऱ्यांसाठी भारताने २००१ साली वनस्पतींचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क ह्यांचा कायदा केला. ह्या कायद्याप्रमाणे नव्या वाणाची नोंदणी मागणाऱ्याला मूळ बीज कोणत्या ठिकाणाहून घेतले आणि त्यात कोणत्या शेतकऱ्याचा किंवा गावाचा वाटा आहे हे अर्जात सांगावे लागते. त्या वाणापासून लाभ झाला तर त्यातील हिस्सा मागण्याचा मार्ग त्यात आहे. आणि ज्यांनी बीज सांभाळले त्यांच्यासाठी जनुक निधीतून पुरस्काराची तरतूद आहे. ज्या शेतकऱ्याने घेवड्याचे वाण सांभाळले त्याला ह्या देशाच्या कायद्याने ओळखले आहे. त्याच शेतकऱ्याच्या मानेतील गाठीपासून उद्या एखादा पेशीवंश निघाला, त्याच्यावर औषध तयार झाले आणि ते कोट्यवधींना विकले गेले, तर त्याच्या वारसांना हिस्सा मागण्यासाठी तशा स्वरूपाचा कायदा नाही. वनस्पतीच्या बीजाविषयी जो न्याय आपण पंचवीस वर्षांपूर्वी मान्य केला तो मानवी पेशीविषयी मान्य करण्यास विलंब का लागावा, ह्याचे समाधानकारक उत्तर मला तरी सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हिस्सा मिळण्याच्या आशेने गरीब माणूस आपले शरीर विकायला निघेल. हे भय रास्त आहे, आणि म्हणूनच व्यक्तीला रोख मोबदला देण्याच्या मी विरुद्ध आहे. लाभ झालाच तर तो एका सार्वजनिक न्यासात जावा आणि त्यातून त्याच रोगाच्या रुग्णांचा औषधोपचार व्हावा. ह्या जिल्ह्याला अशी कल्पना परकी वाटू नये. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेच्या काठी जो सहकारी साखर कारखाना उभा केला त्याचे तत्त्वच हे होते की, ज्याचा ऊस त्याची कारखान्यात मालकी. मालकी सामुदायिक राहिली तर तीत प्रतिष्ठाही राहते आणि बाजारही होत नाही.

मग कागदावर काय असावे? संमतिपत्र मराठीत असावे, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रापासून वेगळे असावे, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे तर आदल्या दिवशी वाचून दाखवावे. ते वाचून दाखवणारी व्यक्ती शल्यविशारद नसावी. ज्या जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून दाखवले, त्या जिल्ह्यात रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणारी माणसे मिळणार नाहीत असे मी मानीत नाही. आणि कागदात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात. ह्या दानाने तुमचा आजार बरा होणार नाही. हे दान नाकारले तरी तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही. आणि तुमच्या पेशी कदाचित तुमच्या मागेही कित्येक वर्षे जगतील, जगाच्या दुसऱ्या टोकाला जातील, आणि त्यांच्यावर ज्यांचे नावही तुम्हाला माहीत नाही अशा रोगांचे प्रयोग होतील. पहिली गोष्ट सांगायला डॉक्टरला धैर्य लागते, दुसरी सांगायला संस्थेला प्रामाणिकपणा लागतो. तिसरी ऐकायला रुग्णाला काय लागते ते मला सांगता येत नाही; परंतु नेत्रदानाच्या आणि देहदानाच्या अर्जावर सह्या करणारी साधी माणसे आपल्या खेड्यापाड्यांत आहेत, आणि त्यांना हे समजणार नाही असे म्हणणे हा त्यांचा अपमान होईल.

आणखी एक गोष्ट नियमात लिहिलेली असावी, कारण न लिहिलेली गोष्ट दप्तरात होत नाही. दिलेल्या तुकड्यापासून वंश निघाला तर, आणि निघाला नाही तरीही, त्याची वार्ता रुग्णाला, तो हयात नसल्यास त्याने संमतिपत्रात नेमलेल्या वारसाला, मराठी पत्राने कळवावी. वंशाला रुग्णाचे नाव देऊ नये, परंतु तो कोणत्या जिल्ह्यातून आला ह्याची नोंद पेशी केंद्राच्या यादीत राहावी, म्हणजे उद्या त्यावर काही शोध लागला तर तो कोणत्या भागातील माणसांच्या औदार्यावर उभा आहे हे संशोधकाला आणि त्या भागालाही कळेल. पत्र कोणत्या मुदतीत गेले पाहिजे हे ठरलेले असावे, ते पाठवण्याची जबाबदारी हुद्द्याने एका अधिकाऱ्यावर टाकलेली असावी, आणि वर्षाअखेर किती पत्रे गेली ह्याचा हिशेब नीतिमत्ता समितीपुढे ठेवला जावा.